रकान्यांची वाटणी

तुमच्या घरात भिंतीवर एखादी मराठी दिनदर्शिका टांगलेली असेलच. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली 'कालनिर्णय' सुरू केले, आणि तेव्हापासून तर महाराष्ट्रात दिनदर्शिका नाही असे घर सापडणे कठीण. तिचे एक पान आज जरा निराळ्या नजरेने पाहा. सण, तिथी, भाव लिहिलेले कोपरे, दुधाचा हिशोब हे सगळे बाजूला ठेवा. उरते काय? आडव्या ओळी आणि उभे रकाने.

अनेक मराठी दिनदर्शिकांत डाव्या कडेला रविवारपासून शनिवारपर्यंत सात वार वरून खाली लिहिलेले असतात. म्हणजे ओळी सात. तारखा वरून खाली उतरतात आणि आठवडा संपला की पुढच्या रकान्याच्या माथ्यावर जातात. असे तारखांचे रकाने पाच. वारांचा एक रकाना मिळवला की सहा. सात ओळी आणि सहा रकाने अशी ही जाळी झाली.

आता प्रश्न असा. हेच पान तुम्हाला मोबाइलच्या पडद्यावर दाखवायचे आहे. ओळी किती, रकाने किती आणि प्रत्येकाची रुंदी किती, हे संगणकाला कसे सांगाल?

कागद ठरलेला, पडदा न ठरलेला

छापखान्यातील माणसाला एक मोठी सोय असते. कागद किती रुंद आहे हे त्याला आधीच माहीत असते. पट्टी घेऊन रेघा आखल्या की काम झाले. छापलेल्या सगळ्या प्रती सारख्याच.

संगणकावर पान तयार करणाऱ्याला ही सोय नाही. त्याचे पान कोणी टेबलावरच्या मोठ्या पडद्यावर उघडेल, कोणी हातातल्या लहानशा मोबाइलवर. समजा, त्याने ९६० पिक्सेल रुंदीचा पडदा डोळ्यांपुढे धरून मापे ठरवली : वारांचा रकाना ६०, तारखांचा प्रत्येक रकाना १७४, दोन रकान्यांमधली फट ६. (पिक्सेल हे येथे लांबीचे एकक समजा. पडद्यावरच्या प्रत्यक्ष ठिपक्याशी ते जुळेलच असे नाही.) बेरीज करून पाहा : ६० + ५ × १७४ + ५ × ६ = ९६०. हिशोब चोख!

हेच पान ३६० पिक्सेल रुंदीच्या मोबाइलवर उघडले. वारांचा रकाना, फट, तारखांचा पहिला रकाना, फट एवढ्यात ६० + ६ + १७४ + ६ = २४६ पिक्सेल संपले. उरलेल्या ११४ पिक्सेलांत दुसरा रकाना अर्धामुर्धा दिसेल. बाकीचे तीन पडद्याबाहेर. किंवा मोबाइल सगळे पान आक्रसून बसवील आणि अक्षरे मुंगीएवढी होतील.

तुम्ही म्हणाल, बोटाने सरकवून पाहता येते की! येते, पण उजवीकडे आणखी काही आहे हे कळले तर. शाळेची सूचना, शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख, बाजारसमितीचे भाव या गोष्टी आज खेड्यापाड्यांतील बहुतेक घरांत मोबाइलवरच वाचल्या जातात. उजवीकडचा रकाना दडला तर वाचणाऱ्याला चूक कळतही नाही. त्याला वाटते, पान एवढेच आहे.

यावर उपाय एकच. संगणकाला मापे सांगायची नाहीत. वाटणीचा नियम सांगायचा. आजच्या पाठाचे सार एवढेच आहे. पुढचा सगळा भाग म्हणजे या एका वाक्याचा विस्तार.

रेषा किती, रकाने किती?

त्याआधी मोजणीची एक बाब पक्की करू. छत्रपती संभाजीनगरहून पैठणला जाताना वाटेत चितेगाव लागते. त्या भागातील शेतकरी कपाशी लावताना पुष्कळदा चौफुली पाडतात. शेतात आधी एका दिशेने काकर ओढतात, मग त्यांना आडवे काकर ओढतात, आणि दोन काकर जिथे एकमेकांना छेदतात तिथे सरकी टोकतात. वरून पाहिले तर शेतभर चौकटी दिसतात.

अशा शेतात सहा उभे काकर असतील, तर त्यांच्यामधले पट्टे किती? पाच. उलट, पाच पट्टे हवे असतील तर काकर सहा लागतील. रेषा नेहमी पट्ट्यांपेक्षा एकने जास्त.

संगणकाच्या जाळीतही हेच. रकाना म्हणजे दोन शेजारच्या उभ्या रेषांमधला पट्टा आणि ओळ म्हणजे दोन शेजारच्या आडव्या रेषांमधला पट्टा. क्रमांक रेषांना दिलेले असतात, पहिल्या कडेपासून १, २, ३ असे. आपल्या दिनदर्शिकेत सहा रकाने, म्हणून उभ्या रेषा सात. सात ओळी, म्हणून आडव्या रेषा आठ. शनिवारची ओळ सातव्या आणि आठव्या रेषांच्या मध्ये येते. शेतकरी रेषेवर बी टोकतो. आपण मजकूर रेषांच्या मधल्या घरात ठेवतो, एवढाच काय तो फरक.

जाळीची आज्ञा

ज्या जागतिक जाळ्यावर ही पाने असतात त्याचा जन्म पदार्थविज्ञानाच्या अंगणात झाला. जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली त्याची कल्पना मांडली. हेतू हा की, निरनिराळ्या देशांतील शास्त्रज्ञांना एकमेकांची माहिती वाचता यावी. मजकूर वेगळा आणि त्याची मांडणी वेगळी ठेवावी, ही सूचना होकॉन व्यूम ली यांनी तेथेच १९९४ साली केली. त्यातून मांडणीची जी भाषा निघाली ती 'सीएसएस'. तिची पहिली आवृत्ती डिसेंबर १९९६ मध्ये प्रमाण म्हणून जाहीर झाली.

गंमत अशी की, या भाषेत ओळी आणि रकाने सरळ सांगण्याची सोय कित्येक वर्षे नव्हती. आकडेवारीसाठी असलेले तक्ते लोक पानाच्या मांडणीसाठी राबवीत. जाळीच्या आज्ञांचा पहिला मसुदा २०११ साली आला, आणि मार्च २०१७ या एकाच महिन्यात फायरफॉक्स, क्रोम आणि सफारी या तिन्ही ब्राउझरांनी त्या स्वीकारल्या. तेव्हापासून त्या सर्रास वापरता येऊ लागल्या.

आपल्या दिनदर्शिकेची आज्ञा अशी :

डिस्प्ले: ग्रिड;
ग्रिड-टेम्प्लेट-कॉलम्स: ६०पीएक्स रिपीट(५, १एफआर);
ग्रिड-टेम्प्लेट-रोझ: रिपीट(७, १एफआर);
गॅप: ६पीएक्स;
ग्रिड-ऑटो-फ्लो: कॉलम;

प्रत्यक्षात हे सारे इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत लिहावे लागते. येथे केवळ उच्चार दिले आहेत. अर्थ सोपा आहे. पहिली ओळ म्हणते : ही जाळी समजा. दुसरी रकान्यांची यादी देते : एक ६० पिक्सेलांचा, मग '१एफआर' असे पाच. 'रिपीट' म्हणजे पुन्हापुन्हा. एकच गोष्ट पाच वेळा लिहिण्याचा कंटाळा वाचतो. तिसरी ओळींची यादी देते, चौथी मधली फट. शेवटची सांगते की मजकूर वरून खाली भरत जा. ही शेवटची आज्ञा दिली नाही, तर संगणक डावीकडून उजवीकडे भरतो आणि रविवारशेजारी सोमवार, मंगळवार येऊन बसतात!

वाटा म्हणजे काय?

आता या 'एफआर'कडे वळू. ही इंग्रजी शब्दाची आद्याक्षरे असून त्याचा अर्थ अपूर्णांक, हिस्सा. आपण त्याला 'वाटा' म्हणू.

बटईने केलेल्या शेतीत वाटणी कशी होते ते तुम्हाला ठाऊक असेल. माल घरात आला की, ठरल्याप्रमाणे आधी खर्च वजा करतात. मग जे उरते त्याचे वाटे पडतात. आधी वाटे आणि मग खर्च असे केले तर भांडणच व्हायचे. संगणकही याच क्रमाने जातो :

१. एकूण रुंदी घेतो.
२. ठरलेल्या मापाचे रकाने वजा करतो.
३. सगळ्या फटी वजा करतो.
४. उरलेल्या जागेला एकूण वाट्यांनी भागतो.

मोबाइलची रुंदी ३६०. त्यातून वारांच्या रकान्याचे ६० गेले. रकाने सहा, म्हणून फटी पाच; ५ × ६ = ३० गेले. उरले २७०. वाटे पाच. २७० ÷ ५ = ५४. प्रत्येक तारखेला ५४ पिक्सेल मिळाले.

मोठ्या पडद्याची रुंदी ९६०. वजावट तीच ९०. उरले ८७०. ८७० ÷ ५ = १७४. आपण मघाशी पट्टीने आखलेले माप आपोआप आले! आज्ञा एक, पडदे दोन, आणि दोन्हींवर पाचही रकाने पूर्ण दिसतात.

येथे एखादा चौकस विद्यार्थी विचारील : वाट्याऐवजी टक्के का नकोत? पाच रकाने, प्रत्येकी २० टक्के. फक्त तारखांची जाळी केली असे समजा. ३६० चे २० टक्के म्हणजे ७२. पाच रकान्यांचे ३६०. रुंदी संपली. आणि चार फटींचे २४ पिक्सेल? ते पडद्याबाहेर गेले. टक्के एकूण जागेचे असतात, वाटा उरलेल्या जागेचा असतो. सगळे मर्म त्या 'उरलेल्या' शब्दात आहे.

ओळींची गोष्ट वेगळी

रकान्यांचा नियम ओळींना जसाच्या तसा लागू करून चालत नाही. पानाची रुंदी पडदा ठरवतो, पण उंची? पान तर खाली हवे तितके लांबत जाते. उरलेली जागाच ठरलेली नसेल, तर वाटे कशाचे करणार?

अशा वेळी संगणक सर्वांत उंच ओळ शोधतो आणि '१एफआर'च्या इतर ओळींनाही तीच उंची देतो. शनिवारच्या एखाद्या घरात तीन ओळींचा मजकूर आला, तर सातही वारांच्या ओळी तेवढ्याच उंच होतील. दिनदर्शिकेला हे शोभते. जिथे शोभत नाही, तिथे '१एफआर'ऐवजी 'ऑटो' लिहावे. म्हणजे प्रत्येक ओळ आपल्या मजकुरापुरतीच उंच राहते.

लांब शब्दाचा हट्ट

आता एक अडचण पाहू. ऑगस्ट २०२६ मधील १५ तारखेच्या घरात तुम्ही 'स्वातंत्र्यदिन' असे लिहिले. हा सलग एक शब्द. समजा, त्याला मावायला ९० पिक्सेल लागतात आणि रकाना आहे ५४ चा. काय होईल?

'१एफआर'ला एक मूक अट जोडलेली असते : आतला मजकूर ज्याहून अरुंद होऊ शकत नाही, त्याहून रकाना अरुंद होणार नाही. शब्द मधे फुटत नाही, म्हणून तो रकाना ९० पिक्सेल घेतो. उरले २७० − ९० = १८०. ते बाकीच्या चार रकान्यांत वाटले की प्रत्येकी ४५. समान वाटणी गेली! एका शब्दाने चौघांच्या वाट्यातून ९-९ पिक्सेल काढून घेतले.

ही अट मोडायची असेल तर वाटा असा लिहावा : मिनमॅक्स(०, १एफआर). म्हणजे किमान शून्य, कमाल एक वाटा. मग पाचही रकाने पुन्हा ५४ चे होतात. पण शब्द काही लहान झालेला नसतो; तो शेजारच्या घरात सांडतो. म्हणून जोडीला अक्षरांचा आकार कमी करावा किंवा शब्द तोडायची परवानगी द्यावी. एका ठिकाणचा ताण काढला तर तो दुसरीकडे निघतो.

सहावा रकाना कोठून आला?

ऑगस्ट २०२६ मुद्दामच निवडला. त्या महिन्याची १ तारीख शनिवारी येते. म्हणजे पहिल्या रकान्यात वरची सहा घरे रिकामी आणि सातव्यात १. मग २ ते ८, ९ ते १५, १६ ते २२, २३ ते २९ असे चार रकाने भरतात. पाच झाले. ३० आणि ३१ कुठे ठेवायच्या?

हिशोबाने पाहा. पाच रकाने गुणिले सात ओळी, म्हणजे घरे ३५. रिकामी घरे ६ आणि दिवस ३१, मिळून ३७. दोन घरे कमी पडली. छापणाऱ्यांनी यावर नामी तोड काढलेली आहे. ते ३० आणि ३१ या तारखा पहिल्या रकान्यातील रिकाम्या रविवार-सोमवारात बसवतात. तुमच्या घरची दिनदर्शिका चाळा. असा महिना सापडेल.

संगणकाला आपण असे काही सांगितले नाही, तर तो स्वतःहून तारखांचा सहावा रकाना काढतो. हा आपल्या यादीत नव्हता, म्हणून त्याला वाटाही नाही. तो मजकुरापुरताच रुंद होतो. '३०' हा आकडा २० पिक्सेलांत मावत असेल, तर रकाना २० चा. फटीही आता सहा. ३६० − ६० − ३६ − २० = २४४; पाचांनी भागले की ४८.८. पाच रकाने आक्रसले आणि सहावा चिंचोळी बोळ झाला.

छापखान्याची युक्ती इथे अशी लिहितात. १ तारखेला फक्त ओळ सांगायची :

ग्रिड-रो: ७;

वारांचा रकाना भरलेला आहे, म्हणून ती आपोआप पुढच्या रकान्यात शनिवारी बसते आणि २ तारीख तिच्यामागून तिसऱ्या रकान्याच्या माथ्यावर जाते. ३० आणि ३१ यांना ओळ आणि रकाना दोन्ही सांगायचे. ३० साठी :

ग्रिड-रो: १;
ग्रिड-कॉलम: २;

आणि ३१ साठी ओळ २, रकाना २. हे आकडे रेषांचे आहेत हे विसरू नका. दुसऱ्या उभ्या रेषेपासून सुरू होणारा रकाना म्हणजे तारखांचा पहिला रकाना.

यात आणखी एक फायदा आहे. आपण तारखांची जागा बदलली, पण लिहिण्याचा क्रम १ ते ३१ असाच ठेवला. दृष्टिहीन विद्यार्थी पान मोठ्याने वाचून दाखवणारा कार्यक्रम वापरतात. त्याला ३० ही तारीख २९ नंतरच सापडते, १ च्या आधी नव्हे. म्हणून नियम असा की, मजकूर अर्थाच्या क्रमाने लिहावा आणि जाळीने त्याला फक्त जागा द्यावी.

रकाने मोजायचे काम संगणकाकडे

दिनदर्शिकेत रकाने किती हे आपण ठरवले. पण समजा, शाळेच्या भित्तिपत्रकातील चित्रे पडद्यावर मांडायची आहेत. लहान पडद्यावर दोन रकाने पुरेत, मोठ्यावर जास्त मावतील. मग संख्याही सांगू नये :

ग्रिड-टेम्प्लेट-कॉलम्स: रिपीट(ऑटो-फिल, मिनमॅक्स(१५०पीएक्स, १एफआर));

अर्थ : १५० हून अरुंद नाहीत असे जितके मावतील तितके रकाने कर आणि उरलेली जागा सारखी वाट. फट ६ धरली तर ३६० मध्ये दोन रकाने मावतात (१५० + ६ + १५० = ३०६; तिसऱ्याला जागा नाही). प्रत्येकी (३६० − ६) ÷ २ = १७७. आणि ९६० मध्ये सहा रकाने मावतात; प्रत्येकी (९६० − ३०) ÷ ६ = १५५. मोबाइल आडवा धरला की हीच भागाकाराची क्रिया संगणक पुन्हा करतो, आपण काही न सांगता.

करून पाहा

संगणक जवळ नसला तरी हरकत नाही. आलेख कागदावर १ मिलिमीटर म्हणजे २ पिक्सेल असे प्रमाण घेऊन १८ सेंटीमीटर रुंदीत दिनदर्शिकेची जाळी काढा. मग पुढील प्रश्न सोडवा.

१. दिनदर्शिकेची तीच आज्ञा ४१२ पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर वापरली, तर तारखांचा रकाना किती रुंद होईल?
२. दोन रकाने, '२एफआर १एफआर', फट १२, रुंदी ३६०. प्रत्येकाची रुंदी काढा.
३. फेब्रुवारी २०२६ ची १ तारीख रविवारी आहे. तारखांचे किती रकाने भरतील? उरलेल्या रकान्याची जागा इतरांना मिळेल काय?
४. मे २०२६ ची १ तारीख शुक्रवारी आहे. किती तारखा पहिल्या रकान्यात परत आणाव्या लागतील?

उत्तरे : १. (४१२ − ९०) ÷ ५ = ६४.४ पिक्सेल. २. २३२ आणि ११६ पिक्सेल. ३. चार, पाचवा रिकामा राहील, पण तो यादीत असल्याने त्याचा वाटा त्याच्याकडेच राहील. ४. रिकामी घरे ५ + दिवस ३१ = ३६, घरे ३५; म्हणून फक्त एक, ती म्हणजे रविवार ३१.